धूर थंड होऊ देऊ नकोस

अगं, घराचे सगळे फोटो पाहिले. स्वयंपाकघर ऐसपैस आहे, मागचं अंगण तर दृष्ट लागण्यासारखं. पण माझे डोळे खिळले ते बैठकीच्या खोलीतल्या बिडाच्या वुडस्टोव्हवर आणि त्याच्या मागून छतात शिरलेल्या काळ्या पाइपवर. न्यू जर्सीच्या टाउनहाउसमध्ये भिंतीवरचं बटण फिरवलं की घर तापायचं. व्हरमाँटच्या हिवाळ्यात या स्टोव्हशी तुझी रोजची गाठ आहे. नीट वापरलास तर त्याच्यासारखी ऊब दुसऱ्या कशाची नाही. वीज जाऊ दे, रस्ते बर्फाने बंद होऊ देत, घर गरम राहतं. तेव्हा वापरू नकोस असं मी मुळीच म्हणणार नाही. पण एक गोष्ट पहिला ओंडका पेटवायच्या आधी तुझ्या कानावर घालायची आहे. घर विकणारा ती सांगत नाही, लाकूडवाला सांगत नाही, आणि आपल्या मैत्रिणींना ती ठाऊक असायचं काही कारणच नाही. ती म्हणजे क्रिओसोट.

लाकूड पुरतं जळलं नाही की धुराबरोबर डांबरी द्रव्यांची आणि पाण्याची वाफ वर जाते. धूर गरम आहे तोवर ती चिमणीतून सरळ बाहेर पडते. चिमणी आतून गार असली, म्हणजे साधारण २५० अंश फॅरनहाइटच्या (१२० सेल्सिअसच्या) खाली असली, की भाताच्या पातेल्याच्या झाकणाला वाफ धरते तशी ही वाफ चिमणीच्या आतल्या अंगाला धरते. पाणी उडून जातं आणि मागे राहतो काळा, जळाऊ थर. सुरुवातीला ती नुसती भुरभुरीत काजळी असते, ब्रश फिरवला की खाली येते. तिच्यावर आणखी धूर बसत गेला की चकचकीत, कडक पापुद्रे होतात, ते काढायला जोर लागतो. त्याहीपुढे गेलं की जाड, गुळगुळीत, ओतीव थर तयार होतो. त्याच्यावरून ब्रश नुसता घसरतो. तो काढायला खास रसायनं किंवा फिरती अवजारं लागतात, आणि कधी कधी चिमणीचं आतलं अस्तरच बदलावं लागतं. मग खर्चाचं विचारू नकोस.

खर्चाचं एक वेळ सोड. हा थर म्हणजे चिमणीत साठवलेलं इंधन आहे. एखाद्या दिवशी स्टोव्ह जोरात पेटतो, ज्वाळ किंवा ठिणगी वरपर्यंत पोचते आणि चिमणी आतून पेट घेते. तिथली उष्णता २००० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ११०० सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. भाजक्या मातीच्या नळ्यांचं अस्तर तडकतं, विटांचे सांधे सुटतात आणि आच भिंतीतल्या लाकडापर्यंत जाते. इथली घरं आतून लाकडाचीच असतात गं. अशी आग लागली की कधी कधी घोंघावता आवाज येतो, डोक्यावरून विमान गेल्यासारखा. पण पुष्कळ आगी गुपचूप लागतात, हळूहळू जळतात आणि विझतात. घरातल्या माणसांना पत्ताही लागत नाही आणि अस्तराला तडा मात्र पडून राहतो. मला या दुसऱ्या प्रकाराचीच जास्त धास्ती वाटते, कारण त्यानंतरची आग त्या तड्यातून बाहेर यायला मोकळी असते.

आता मुद्द्याचं. क्रिओसोट हा चिमणी साफ करणाऱ्याचा विषय आहे, वर्षातून एकदा त्याला पैसे दिले की आपली जबाबदारी संपली, असं लोक धरून चालतात. अगदी चूक. चिमणीत थर किती धरणार हे दोन जागी ठरतं: बाहेर रचलेल्या लाकडात, आणि रात्री झोपण्यापूर्वी तू स्टोव्हची हवा कमी-जास्त करणारा दांडा कुठे ठेवतेस त्यात. ब्रशवाला येतो तो झालेलं निस्तरायला.

आधी लाकडाचं बघू. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. असं लाकूड स्टोव्हमध्ये घातलंस तर आचेचा मोठा वाटा ते पाणी उडवण्यातच जातो. मग जाळ मंद, धूर गार आणि ओला, आणि चिमणीत थर. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, या आकड्यावर तडजोड करू नकोस. मेपल, बीच, बर्च ही लाकडं फोडून, वारा लागेल अशी रचून सहा महिने ते वर्षभर तरी वाळली पाहिजेत. ओक हट्टी असतो, त्याला दोन वर्षं दे.

लाकूडवाले सगळेच 'सीझन्ड' म्हणून विकतात. त्यात लबाडीच असते असं नाही. कुणी झाड गेल्या वर्षी पाडलेलं असतं म्हणून तसं म्हणतो, पण ओंडके फोडलेले असतात गेल्या महिन्यात. अख्खा बुंधा पडून राहिला म्हणजे वाळला असं होत नाही, फोडल्यापासूनच खरं वाळणं सुरू होतं. म्हणून त्याला नेमकं विचार, 'फोडलं कधी?' आणि त्याच्या उत्तरावर न थांबता स्वतः तपास. हार्डवेअरच्या दुकानात दोन सुयांचा मॉइश्चर मीटर मिळतो, महाग नसतो. सुया ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला टोचल्यास तर छान कोरडा आकडा दिसेल आणि तू फसशील. दोन-चार ओंडके घरात आणून ठेव, त्यांचा गारठा जाऊ दे, मग कुऱ्हाडीने पुन्हा फोड आणि नव्या उघड्या पडलेल्या पोटात, लाकडाच्या धाग्याच्या दिशेने सुया रोव. तो आकडा खरा.

मीटर येईपर्यंत कान आणि हात आहेतच. वाळलेले दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक, खणखणीत वाजतात. ओले असले की धप्प. वाळलेल्या लाकडाच्या कापल्या तोंडावर मध्यापासून कडेला जाणाऱ्या भेगा दिसतात, साल सुटायला आलेली असते, आणि उचलताना ते आकाराच्या मानाने हलकं लागतं. आणि जाळात घातल्यावर तर लपूनच राहत नाही. पेटलेल्या ओंडक्याच्या टोकाकडे वाकून बघ. कापलेल्या तोंडावर बारीक बुडबुडे येत असतील, पिवळट फेस धरत असेल आणि सारखं चुर्र चुर्र ऐकू येत असेल, तर ते लाकूड अजून पाणी सोडतंय. असे ओंडके दिसले की त्या गंजीला त्या हिवाळ्यापुरता हात लावू नकोस.

पाइनबद्दल तुला शेजारीपाजारी हमखास सांगतील की ते जाळलं की चिमणी भरते. हे खरं नाही. वाळलेलं पाइन छान गरम जळतं, फक्त लवकर संपतं. ओला मेपल हा वाळलेल्या पाइनपेक्षा कितीतरी वाईट. दोष झाडाच्या जातीचा नसतो, ओलाव्याचा असतो.

मोजमापाचंही लक्षात ठेव. इथे लाकूड कॉर्डने विकतात. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रचलेली गंजी, म्हणजे १२८ घनफूट, हा एक कॉर्ड. 'फेस कॉर्ड' म्हणजे एकाच ओंडक्याच्या लांबीएवढ्या खोलीची एक रांग, त्यात लाकूड बरंच कमी येतं. भाव ठरवताना कुठला कॉर्ड ते विचारून घे. आणि लाकूड जवळपासचंच घे. लांबून आणलेल्या लाकडातून एमराल्ड ॲश बोररसारखी कीड पसरते, आणि तुमच्याकडची ॲशची झाडं तिने आधीच पोखरायला घेतली आहेत.

रचायचं कसं? जमिनीला टेकू न देता, जुन्या पॅलेटवर, शक्यतो एका रांगेत, ऊन-वारा येईल तिथे. झाकण फक्त वरून. पुष्कळ लोक निळी ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत गुंडाळतात आणि आत लाकूड घुसमटून बुरशी धरतं. घराच्या भिंतीला चिकटूनही रचू नकोस, मुंग्या आणि वाळवी त्याच वाटेने घरात येतात. दोन-तीन दिवसांचं लाकूड आत आणून ठेवलं तर उत्तम, पण स्टोव्हपासून तीन फूट तरी दूर.

या वर्षी तुला उशीर झालाय, हे मला कळतंय. ऑगस्ट संपत आला आणि आता येणारं लाकूड नोव्हेंबरात वाळलेलं नसेल. त्यावर उपाय आहे. भट्टीत वाळवलेलं, म्हणजे 'किल्न-ड्राइड' लाकूड मिळतं, थोडं महाग पडतं, तेही मीटरने तपासून घे. दाबलेल्या भुशाच्या विटा मिळतात, मेण किंवा डिंक न घातलेल्या, त्याही चांगल्या जळतात. तेवढ्यावर हिवाळा निघत नसेल तर घरातली तेलाची भट्टी चालू ठेव आणि स्टोव्ह कमी पेटव. पण 'एवढं लाकूड आणलंय तर जाळून टाकू' असं करू नकोस. ते पुढच्या हिवाळ्याचं आहे. इथली शहाणी माणसं बेगमी वर्षभर आधीच करतात, एक गंजी जळत असते आणि दुसरी वाळत असते.

आता जाळण्याचं. माझा सगळा जोर इथे आहे.

१९७३ साली तेलाचा तुटवडा पडला तेव्हा न्यू इंग्लंडमध्ये लोक पुन्हा लाकडाकडे वळले. तुमच्या व्हरमाँटमधल्या रँडॉल्फला व्हरमाँट कास्टिंग्ज ही कंपनी १९७५ मध्ये निघाली ती त्याच लाटेत. त्या काळातले हवाबंद स्टोव्ह लोकांना फार आवडले, कारण रात्री लाकूड ठासून भरायचं, हवा बंद करायची आणि सकाळपर्यंत ते धुमसत ठेवायचं, अशी सोय झाली. पण त्या रात्रभराच्या धुमसण्यातून चिमण्यांमध्ये किती क्रिओसोट साठायचा! पुढे १९८८ मध्ये इथल्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, स्टोव्हच्या धुरावर मर्यादा घातल्या, २०२० मध्ये त्या आणखी कडक झाल्या, आणि आताचे स्टोव्ह धूर आतल्या आतच पुष्कळसा जाळतात. पण ती रात्री ठासून भरायची सवय काही गेली नाही. कितीही नवा स्टोव्ह असला तरी त्याचा श्वास कोंडला की तोही धुमसतोच.

म्हणून रात्रीचं असं कर. झोपायच्या तासभर आधी निखारे पुढे ओढून घे, मोठे, नीट वाळलेले ओंडके मागे रच, आणि हवेचा दांडा पूर्ण उघड. लाकडाला सगळीकडून जाळ धरू दे, बाहेरून काळं पडू दे. याला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात आणि ती घाईत उरकू नकोस. मग दांडा थोडा थोडा करत आत घे, आणि ज्वाळा दिसत आहेत तिथेच थांब. काचेमागे ज्वाळ विझून नुसता राखाडी धूर घोळत असेल तर दांडा जास्त आत गेलाय. सकाळी काच काळीकुट्ट झालेली असली, तर चिमणीतही तेच झालंय असं समज आणि दुसऱ्या रात्री हवा वाढव. पहाटे घर थोडं गार झालं तरी चालेल. पांघरूण वाढव. आग कोंडू नकोस.

तुझा स्टोव्ह फोटोत तरी घराच्या मानाने मोठा दिसतोय. मोठ्या स्टोव्हचं दुखणं असं की घर फार तापतं म्हणून माणूस हवा बंद करत जातो. त्यापेक्षा लाकूडच कमी घाल. थोडी लाकडं, पण मोकळा जाळ. ऑक्टोबर आणि एप्रिलचे दिवस यासाठीच वाईट. हवेत नुसता गारवा असतो आणि लोक दिवसभर मिणमिणती आग ठेवतात. अशा दिवशी सकाळी छोटा पण सणसणीत जाळ करायचा, तो पूर्ण जळू द्यायचा आणि विझू द्यायचा. संध्याकाळी हवं तर पुन्हा.

पाइपवर चिकटणारा लोहचुंबकाचा थर्मामीटर मिळतो, तो या आठवड्यातच घे. स्टोव्हच्या माथ्यापासून साधारण दीड फूट वर, एकपदरी पाइपवर लावायचा. काटा २५० ते ४७५ फॅरनहाइटच्या दरम्यान असला की सगळं ठीक. २५० च्या खाली रेंगाळत असेल तर थर धरतोय, ४७५ च्या पुढे जात असेल तर आग आवरायला हवी. पाइप दुपदरी असेल तर वरून चिकटवलेला थर्मामीटर खोटं बोलतो, त्याला आत शिरणाऱ्या सळईचा घ्यावा लागतो. आणि दिवसातून एकदा अंगणात जाऊन चिमणीच्या टोकाकडे बघत जा. स्टोव्ह नीट पेटल्यावर तिथे हवेचा थरथराट दिसावा, फार तर विरळ पांढरी वाफ. निळसर-राखाडी धूर लोळत बाहेर येत असेल तर आत जाऊन हवा वाढव.

स्टोव्हमध्ये लाकडाशिवाय काही जाऊ देऊ नकोस. ऑनलाइन आलेली खोकी, दिवाळीच्या मिठाईचे डबे, ख्रिसमसचे रंगीत कागद यांची ज्वाळ एकदम भडकून वर जाते आणि चिमणीत थर असेल तर तोच पेटवते. रंग दिलेलं लाकूड आणि डेकला वापरतात तसलं औषध मारलेलं लाकूड तर विषारी धूर करतं, जुन्यात आर्सेनिक असतं. घरात लहान मूल आहे तुझ्या.

चिमणीची तपासणी वर्षातून एकदा हवीच, इथल्या अग्निसुरक्षा मानकातही तसं आहे. पण तुझं प्रकरण वेगळं आहे. घर विकत घेतल्यावर त्याच मानकाप्रमाणे दुसऱ्या पातळीची तपासणी करून घ्यायची असते, आतून कॅमेरा सोडून. घर घेताना जो इन्स्पेक्टर आला असेल त्याने हे बहुतेक केलेलं नसेल. चिमणी स्वीपला बोलाव, प्रमाणपत्र असलेला, आणि त्याच्या शेजारी उभी राहून विचार. आत अस्तर आहे का, कशाचं आहे, कुठे तडा आहे का? चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर ती लवकर गार पडते आणि थर जास्त धरते, अशा वेळी आतून उष्णतारोधक वेष्टणाची स्टीलची नळी घालून घेणं सगळ्यात चांगलं. त्याच वेळी पाइपचे सांधेही दाखव. पाइपचं चुणीदार तोंड स्टोव्हच्या दिशेने, खाली असायला हवं. मग वरून ओघळलेला क्रिओसोट आतल्या आत स्टोव्हमध्ये परततो. उलटं बसवलं असेल तर तो सांध्यातून बाहेर येतो, पाइपवर तपकिरी ओघळ दिसतात आणि घरभर जळकट वास सुटतो. चिमणीच्या टोपीवर जाळी असेल तर तीही बघायला सांग. धूर तिथे सगळ्यात गार असतो, जाळीच आधी बुजते आणि मग स्टोव्ह घरात धूर ओकायला लागतो.

हिवाळ्यात अधूनमधून तूही खालच्या सफाईच्या झाकणातून आरसा आणि बॅटरी धरून वर बघ. थर इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३ मिलिमीटर झाला की साफ करायची वेळ झाली. चकाकणारा थर दिसला तर जाडी न मोजता फोन कर. दुकानात 'चिमणी साफ करणारा ओंडका' मिळतो, तुझे अहो नक्की घेऊन येतील. त्याने कडक थर थोडा ठिसूळ होतो हे खरं, पण सुटलेलं आतच राहतं. ब्रशला तो पर्याय होत नाही.

आणि कधी घोंघाट ऐकू आलाच, पाइप लालसर दिसला, चिमणीतून ठिणग्या उडायला लागल्या, तर हवेचा दांडा पूर्ण बंद कर, दार उघडू नकोस, मुलाला घेऊन सगळे बाहेर या आणि ९११ ला फोन करा. चिमणीत पाणी ओतायचं नाही, तापलेलं अस्तर एकदम फुटतं. आग आपोआप विझली तरी तपासणी होईपर्यंत स्टोव्ह पेटवायचा नाही. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर लाव. राख घट्ट झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून दूर. डेकवर किंवा गॅरेजमध्ये नाही. राखेतला निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो.

तेव्हा या आठवड्यात दोन फोन कर. एक चिमणी स्वीपला, कारण सप्टेंबर उजाडला की त्यांच्याकडे महिनाभर तारीख मिळत नाही. दुसरा लाकूडवाल्याला, पुढच्या हिवाळ्याच्या लाकडासाठी. स्वीप काय म्हणाला ते मला कळव, आणि त्याची पावती विम्याच्या कागदांबरोबर जपून ठेव.